ओला दुष्काळ, कोरडा दुष्काळ

माझं गाव ढाणकी. यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातलं, पैनगंगेच्या अलीकडचं. नदीच्या पलीकडे नांदेड जिल्हा. 1956 पर्यंत ही नदी म्हणजे सरहद्दच होती. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे हैदराबाद राज्य. आमच्या घरातल्या बोलीत दोन्ही काठ मिसळलेले आहेत. अब्बा शेतकऱ्यांशी वऱ्हाडी मराठीत बोलायचे आणि माझ्यावर रागवायचे ते दखनीत.

अब्बांचं पत्र्याचं दुकान होतं. दुकान कसलं, चार बल्ल्या आणि वर सहा पत्रे. तिथे ते शेतातल्या पंपांची इंजिनं दुरुस्त करायचे. त्या काळी नदीकाठच्या शेतात रॉकेलवर चालणारे छोटे पंप सर्रास दिसत. पेट्रोलवर चालू करायचे आणि इंजिन गरम झालं की तोटी फिरवून रॉकेलवर घ्यायचे. उन्हाळ्यात पैनगंगेची धार तुटली की डोहातलं पाणी उपसायला हे पंप रात्रंदिवस चालत. अब्बांचे हात कधीच पूर्ण गोरे झालेले मी पाहिले नाहीत. नखांच्या कडेला काळी रेघ कायम. ईदच्या दिवशी नमाजला जाताना ते दोन-दोन वेळा रॉकेलने हात धूत आणि मग साबणाने. तरी शेजारी उभं राहिलं की अत्तराच्या आत इंजिनाचा वास यायचाच. मला त्या वासाची लाज वाटायची, हे आज लिहायला हरकत नाही.

त्या लाजेतूनच मी शिकलो, असं म्हटलं तरी चालेल. उर्दू माध्यमातून बारावी, मग बी.एस्सी., मग बी.एड. 2019 साली पवित्र पोर्टलवरून शिक्षण सेवक म्हणून निवड झाली आणि नेमणूक मिळाली थेट रत्नागिरी जिल्ह्यात. महिना 6000 रुपये मानधन. माझी तीन वर्षं संपल्यावर, 2023 पासून ते 16000 झालं, हा नशिबाचा भाग. आमच्या विदर्भातले, मराठवाड्यातले कितीतरी उर्दू शिक्षक असे कोकणात आहेत. नांदेडहून पनवेल, पनवेलहून कोकण रेल्वे, मग एसटी, मग पायी. घरी जायचं म्हणजे येण्या-जाण्यातच रजा संपते. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज भरायचा आणि वाट पाहायची.

माझी शाळा जयगडच्या खाडीकाठी आहे. शास्त्री नदी समुद्राला मिळण्याआधी रुंद होते, त्या पट्ट्यात. इथले मुसलमान घरात कोकणी बोलतात. माझं 'हौ' आणि 'नक्को' ऐकून पहिल्या वर्षी पोरं तोंडावर हात ठेवून हसायची. मी विज्ञान शिकवतो. सहावी ते आठवी.

आता मूळ गोष्ट सांगतो.

2025 च्या फेब्रुवारीत आठवीच्या पाच मुली शिष्यवृत्ती परीक्षेला बसणार होत्या. केंद्र खाडीपलीकडे. रविवारी त्या बाजूला एसटी जवळजवळ नसतेच आणि पुलावरून वळसा घालून खाजगी गाडी करायची तर खर्च परवडत नाही. म्हणून होडी ठरवली. पण त्याच्या आधी दोन महिन्यांपूर्वी, 18 डिसेंबर 2024 ला, मुंबईजवळ घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली होती. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. डझनाहून जास्त माणसं गेली. त्याची चित्रफीत इथल्या प्रत्येक मोबाईलवर होती. ज्यांचे बापजादे समुद्रावर वाढले, ते पालकसुद्धा घाबरले होते. मी सगळ्यांना सांगितलं, जीवरक्षक जाकिटं मी स्वतः घालून देईन, मी स्वतः सोबत येईन. चार घरं तयार झाली. पाचव्या मुलीचा बाप काही बोलला नाही. मी व्हॉट्सॲपच्या गटावर निरोप टाकला, त्याखाली दोन निळ्या रेघा आल्या, आणि मी समजलो की होकार आहे.

रविवारी साडेआठला निघालो. होडी फायबरची, मागे पेट्रोलवर चालणारं टू-स्ट्रोक इंजिन. होडीवाले साठीचे. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही. चाळीस मिनिटांनी खालच्या वाडीच्या धक्क्याला लागलो. तिथून पाचवी मुलगी चढायची होती. ती धक्क्यावर उभी होती, दप्तर पाठीला, आणि तिचा बाप तिचा हात धरून. तो म्हणाला, "सर, पोरीला नाही पाठवत. परीक्षा पुढच्या वर्षी पण होईल."

आठवीची परीक्षा पुढच्या वर्षी होत नाही, हे त्याला कोण सांगणार? मी खाली उतरलो. चाचांनी इंजिन बंद केलं. मी बोललो, तो गप्प. मुलगी पाण्याकडे पाहत होती. शेवटी मी माझं जाकीट काढून त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "हे तुम्हीच तिला बांधा." त्याने बांधलं. गाठ तीनदा तपासली. या सगळ्यात दहा-बारा मिनिटं गेली.

चाचांनी धक्क्याला पाय देऊन होडी ढकलली आणि मग इंजिनाची दोरी ओढली. चालू झालं नाही. पुन्हा ओढली. चोक ओढून पुन्हा. पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा दाबून पुन्हा. सात-आठ वेळा झालं, इंजिनाने साधा खोकलाही दिला नाही. ओहोटी लागलेली होती. धक्का मागे सरकत होता, आणि त्यावर तो बाप उभा होता, तसाच.

मुली गप्प झाल्या. एकीने मोठ्याने आयतुल कुर्सी म्हणायला सुरुवात केली. चाचांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि ते दोरी ओढतच होते. "गरम झालं की असंच करतो हा," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. मेस्त्रीला तीनदा दाखवला. त्याच्याकडे नेला की पहिल्या दोरीत चालू."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. ढाणकीत, पत्र्याच्या दुकानात, शंभर वेळा.

शेतकरी बैलगाडीत इंजिन घालून आणायचे आणि म्हणायचे, "भाऊ, सकाळी चालते, दुपारी बंद केलं का मंग संध्याकाळलोक चालू होत नाही." अब्बा दोरी ओढायचे, इंजिन लगेच चालू. शेतकरी ओशाळायचा. अब्बा हसायचे नाहीत. ते म्हणायचे, "इथं आणेपर्यंत त्याचा ताप उतरला. ने परत. मी नदीवर येतो." मग पान्यांची पिशवी माझ्या खांद्यावर देऊन आम्ही नदीवर जायचो. इंजिन तास-दीड तास चालवायचं, बंद करायचं, आणि आजारी पडेपर्यंत झाडाखाली बसून राहायचं. मी कंटाळून पुस्तक काढायचो. अब्बा इंजिनाकडे पाहत बसायचे, जसं कुणी नातेवाइकाच्या खाटेजवळ बसतं.

त्यांची एक वर्गवारी होती. ते म्हणायचे, इंजिनाला आपल्या यवतमाळ जिल्ह्याचेच आजार होतात. एक ओला दुष्काळ, एक कोरडा दुष्काळ, आणि तिसरं लोडशेडिंग.

चालू असताना इंजिनात थंड करण्याची सोय सुरू असते. कुठे पंख्याची हवा, कुठे पाणी. होडीचं इंजिन खाडीचं पाणी वर ओढतं, स्वतःभोवती फिरवतं आणि मागून बारीक धार सोडतं. इंजिन बंद केलं की ही सोयही बंद. पण सिलिंडरमधली उष्णता लगेच जात नाही. ती बाहेर पसरते, कार्बोरेटरपर्यंत, कॉइलपर्यंत. म्हणजे बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं हे भाग चालू असतानापेक्षाही जास्त तापतात. पेट्रोलचे हलके घटक 40 अंशांच्या आसपासच उकळू लागतात. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून आत सांडलं, तर हवेला जागा उरत नाही, प्लग भिजतो. हा ओला दुष्काळ. नळीत वाफेचे बुडबुडे अडकले, तर पेट्रोल पुढे सरकतच नाही, प्लग कोरडा राहतो. हा कोरडा दुष्काळ. टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बंद असलं तरी परिणाम तोच. आणि पेट्रोल नीट पोचतंय पण ठिणगीच पडत नाही, ते लोडशेडिंग.

चोक ही थंड इंजिनाची दवा आहे. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं. गरम इंजिनाला ती दिली की आधीच भिजलेलं आणखी भिजतं. अब्बांचं वाक्य होतं, "गरम इंजन कू थंडे की दवा नक्को देना रे." चाचा नेमकं तेच देत होते.

मी म्हटलं, "चाचा, थांबा जरा."

"मास्तर, तुम्ही पोरींना सांभाळा. इंजिनाचं मी बघतो."

त्यांचा राग बरोबर होता. चाळीस वर्षं खाडीवर काढलेल्या माणसाला नदी आटणाऱ्या मुलखातला मास्तर काय शिकवणार? माझी मान खाली गेली. पण पुढे खडकांची रांग दिसत होती. मी पुन्हा म्हटलं, "माझे अब्बा पंपाचे मेस्त्री आहेत."

इतक्या वर्षांत कोकणात हे वाक्य मी कुणासमोर उच्चारलं नव्हतं. वडील काय करतात असं कुणी विचारलं की मी 'व्यवसाय' म्हणायचो.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे, आणि पहिलं शहाणपणाचं काम त्यांनीच केलं. नांगर टाकला. होडी थांबली. हे मला सुचलं नसतं. आता आमच्याकडे वेळ होता. त्यांनी डब्यातून पाना काढून दिला. मी प्लग काढला. काळा आणि ओला, पेट्रोल ठिबकत होतं. मी तो पुसला, रुमालाने कोरडा केला. चोक आत ढकलला, फुग्याला हात लावायचा नाही असं सांगितलं. थोडा वेळ इंजिन उघडं ठेवून वारा लागू दिला. तोवर मुलींना प्रश्न विचारत बसलो, म्हणजे त्यांचं लक्ष दुसरीकडे जाईल. मग प्लग बसवून ॲक्सिलेटर पूर्ण उघडा ठेवला, जास्तीची हवा आत जावी म्हणून, आणि चाचांना दोरी ओढायला सांगितलं. चौथ्या ओढीला इंजिन खोकलं, पाचव्याला पांढरा धूर टाकत चालू झालं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. धक्क्यावरच्या त्या बापाने हात वर केला की दुआ मागितली, ते अंतरामुळे कळलं नाही.

केंद्रावर आम्ही पेपरच्या वीस मिनिटं आधी पोचलो.

संध्याकाळी मी ढाणकीला फोन केला. सगळी हकिकत सांगितली, जरा ऐटीतच. अब्बा थकलेत आता, दुकान बंद करून बरीच वर्षं झाली. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. शेवटी विचारलं, "प्लग ओला था या सूखा?"

"ओला."

"चिंगारी देखा?"

मी गप्प. ठिणगी मी तपासलीच नव्हती.

ते मराठीत म्हणाले, "प्लग ओला दोन कारणांनी असतो. पेट्रोल जास्त झालं म्हणून, नाहीतर ठिणगीच नाही म्हणून. जळलं नाही तर पेट्रोल जाईल कुठं? तू किती वेळ थांबला?"

"वीस मिनिटं."

"मंग तुझ्यानं चालू नाही झालं. थंड झालं म्हणून झालं."

मला वाईट वाटलं. पण रात्री पडल्या पडल्या कळलं की मीही त्या मेस्त्रीसारखंच केलं होतं. ताप उतरल्यावर नाडी धरली आणि रोग बरा केल्याचं समाधान मानलं. वाट पाहण्याने जे सुधारतं, त्याचं कारण वाट पाहताना हातातून निसटतं.

पुढच्या रविवारी मी स्वतःहून चाचांकडे गेलो. आम्ही दोघेच होडी घेऊन निघालो. चाळीस मिनिटं चालवली. पाण्याची धार पाहिली, नीट होती. म्हणजे इंजिन थंड करणारा पंप चांगला. टाकीचं झाकण सैल केलं, फरक नाही. धक्क्याला बांधून इंजिन बंद केलं आणि दहा मिनिटं बसलो. चाचांनी दोरी ओढली, नाही झालं. लगेच प्लग काढला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, होडीच्या तळाशी साचते, म्हणून आधी सगळं पुसून घेतलं, हवा खेळू दिली. दुसरा कोरडा प्लग वायरला लावला, प्लगच्या भोकापासून लांब, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरला, वरून चादरीची सावली केली. चाचांनी दोरी ओढली. ठिणगी नाही. पुन्हा ओढली. नाही.

मग बसून राहिलो. चाचा त्यांच्या तरुणपणच्या गोष्टी सांगत होते, शिडाच्या होड्यांच्या. पंचवीस मिनिटांनी पुन्हा ओढलं. निळी ठिणगी, टक् टक् आवाज करत.

कॉइल. आतली बारीक तार कुठेतरी तुटलेली असते. थंड असताना टोकं एकमेकांना टेकतात, तापली की प्रसरण पावून दूर होतात. दोन वर्षं तीनदा कार्बोरेटर साफ झाला होता आणि दोष होता वरच्या एका डबीत. चाचांनी रत्नागिरीहून नवी कॉइल आणली. त्या दिवसापासून इंजिन गरम असो की थंड, दुसऱ्या दोरीला चालू. मी मात्र त्यांना एवढं सांगून ठेवलं की टाकीत जुनं पेट्रोल साठवू नका. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते खाडीच्या दमट हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की ते खाली वेगळं बसतं. कॉइल बदलून तो आजार जात नाही.

हा प्रसंग मी सातवीला शिकवताना सांगितला. उर्दूत बाष्पीभवनाला 'तबखीर' म्हणतात आणि वाफेला 'बुखारात'. मुलांना मी विचारलं, हा शब्द कशासारखा वाटतो? एक मुलगा म्हणाला, "बुखार." बरोबर. मूळ एकच. अरबीत बुखार म्हणजे वाफ, आपल्याकडे तो ताप झाला. मुलं हसली, पण मला अब्बांचं नदीकाठचं बसणं आठवलं.

आणि दुसरीही एक गोष्ट मनातून जात नव्हती. त्या दिवशी धक्क्यावर गेलेली दहा-बारा मिनिटं. इंजिन तापायला तेवढीच पुरली. मी आदल्या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी मगरिबनंतर त्या मुलीच्या घरी गेलो असतो, ओट्यावर बसून चहा घेतला असता, तर बापाच्या मनातली भीती तिथेच कळली असती. मी मोबाईलवरच्या दोन निळ्या रेघांना होकार समजलो. वर्गात गप्प बसणारी मुलगी, सभेला न येणारा पालक, यांना आम्ही कार्यालयात बोलावतो. ते येतात, खाली मान घालून 'हो सर' म्हणतात, आणि आम्ही नोंद करतो की अडचण नाही. आमच्या समाजात मुलींची शाळा आठवीनंतर का सुटते यावर भाषणं खूप होतात. ती दुपारी थंड सभागृहात होतात. मी आता पालकांकडे घरी जातो, आणि शक्यतो अडचणीच्या वेळीच. ती मुलगी आज दहावीच्या वर्गात आहे. शिष्यवृत्तीच्या यादीत तिचं नाव आलं नव्हतं. तिचा बाप मात्र आता तिला स्वतः होडीवर सोडायला येतो.

त्या मे महिन्यात सुट्टीत घरी गेलो तेव्हा चाचांनी दिलेली ती जुनी कॉइल पिशवीतून नेली होती. अब्बांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली. मग पलंगाखालची पेटी ओढून त्यातून काट्याचा जुना मीटर काढला. हात थरथरत होते, म्हणून वायरी मी धरल्या. काटा सरकला. कॉइल चांगली.

"देख," ते म्हणाले, "इथं चांगलीच दाखवणार."

त्यांनी ती मला अंगणातल्या पत्र्यावर ठेवायला सांगितली. ढाणकीचं मे महिन्यातलं दुपारचं ऊन, पत्र्यावर हात टेकवत नव्हता. जोहरची नमाज होईपर्यंत ती तिथेच राहिली. नमाज करून आल्यावर मी ती फडक्यात धरून आणली, पुन्हा वायरी लावल्या. काटा जागचा हलला नाही.

अब्बा बराच वेळ त्या काट्याकडे पाहत राहिले. मग कॉइल फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "जाताना घेऊन जा. पोरांना दाखव. पण आधी गरम कर."